कापलेला कोपरा

ताप आल्याची थाप मारून चष्मेवाले रविवारी सकाळी आपल्याच दुकानात बसले होते. साठीला टेकलेल्या माणसाने शाळकरी पोरासारखी थाप मारावी हे काही शोभत नाही, पण रुसवा कोणत्या वयात शोभतो तेही कोणी सांगितलेलं नाही. आणि रुसवा होता व्याह्यांवर. व्याह्यांवर रुसणं फार अवघड काम. धड भांडता येत नाही, कारण आपली लेक त्यांच्या घरात नांदत असते.

हे व्याही पत्र्याचं काम करायचे. पिंपं, धुराडी, कपाटं, सगळं. चाळीस वर्षं पत्रा ठोकून ठोकून त्यांचे कान कामातून गेले होते आणि आता दोन्ही कानांत यंत्रं बसली होती. लग्न ठरलं तेव्हा दोघांना बोलायला विषयच सापडेना. हवापाणी झालं, रस्त्यातले खड्डे झाले, मग दोघेही पंख्याकडे बघत बसले. शेवटी पत्रेवाल्यांची नजर भिंतीवरच्या बगळ्याच्या फोटोवर गेली. "हा कोणी काढला?" त्यांनी विचारलं. चष्मेवाले लाजत म्हणाले, "मीच." तिथून जे सुरू झालं ते पाच वर्षं थांबलं नव्हतं. दोघांत मिळून एक कॅमेरा घेतला, एक लांब भिंग घेतलं, आणि दर रविवारी दोन्ही घरांतल्या बायका कपाळाला हात लावून म्हणायच्या, गेले बाई दोघं पाखरांमागे.

दोघांचे नियम पक्के होते. लपणात, म्हणजे हिरव्या कापडाच्या त्या छोट्या तंबूत, पाठीला पाठ लावून बसायचं. एकाने भिंगातून पुढे बघायचं, दुसऱ्याने फटीतून मागे. फोन बंद करून स्कूटरच्या डिकीत ठेवायचे. पत्रेवाल्यांनी कानातली यंत्रं काढून डबीत घालायची, कारण ती मधूनच शीळ घालायची आणि पाखरं उडून जायची. आणि ज्याने फोटो काढला त्याने तो निवडायचा नाही, नाहीतर स्वतःचं कार्टं कोणाला वाईट दिसतं? कडा कापायचं काम, म्हणजे कात्री, मात्र नेहमी चष्मेवाल्यांकडेच.

रुसवा झाला तो प्रदर्शनावरून. बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी माती काढून काढून मोठा खड्डा झालाय, त्यात गुडघाभर पाणी. पलीकडे मातीची उभी भिंत, आणि त्या भिंतीत खंड्याचं बीळ. चोचीत मासा घेऊन बिळात शिरणाऱ्या खंड्याचा फोटो हौशी मंडळींच्या प्रदर्शनात पहिला आला. खाली नाव मात्र एकट्या पत्रेवाल्यांचं.

"फॉर्मात एकच ओळ होती हो," पत्रेवाले म्हणाले होते.

एकच ओळ होती. म्हणजे कात्री लावणारा हवेतून आला होता का?  चष्मेवाले शनिवारी संध्याकाळी फोन करून फक्त म्हणाले, "अंगात ताप आहे, उद्या जमायचं नाही." पत्रेवाले म्हणाले, "काळजी घ्या. मी एकटा जाऊन येतो मग. पिल्लं उडतील चार दिवसांत." एकट्याने जाऊ नका, हे शब्द चष्मेवाल्यांच्या ओठांपर्यंत आले होते. रुसव्याने ते गिळून टाकले.

तर रविवारी सव्वानऊला ते दुकानात होते. प्रदर्शनवाल्यांना भिंतीवर लावायला त्याच खंड्याचा आडवा, कडेने मोकळी जागा असलेला फोटो हवा होता. म्हणून पहिल्यांदाच त्यांनी मूळ फोटो कापायला नव्हे, कडेपर्यंत बघायला उघडले. एरवी त्यांची नजर पाखराच्या डोळ्यावर असायची. डोळा टोकदार आहे ना? आहे. मग पाखराभोवती चौकोन, आणि बाकीचं कापलं. धंदाच डोळ्यांचा, त्यामुळे दुसरं काही दिसायचंच नाही.

आता दिसलं. मातीच्या भिंतीवर, वरच्या गवतात, दोन गोल कान.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कान तिथेच होते. तारीख तीन रविवारांपूर्वीची. त्यांनी पुढच्या रविवारचे फोटो उघडले. गवत बाजूला झालेलं, आणि मधे तोंड. ठिपक्याठिपक्यांचं, पिवळसर, धुरकट.  शेवटचे फोटो गेल्या रविवारचे.  खंड्या बिळाच्या तोंडाशी बसलेला, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, भिंतीच्या पायथ्याशी, पाण्याच्या काठावर, बिबट्या मांजरासारखा बसला होता. भिंग पाखरावर लावलेलं, आणि हाही तेवढ्याच अंतरावर, त्यामुळे मिशीचा केस न केस स्वच्छ. तो पाखराकडे बघत नव्हता. सरळ भिंगात बघत होता.

गेल्या रविवारी भिंगाला डोळा लावून स्वतः चष्मेवाले बसले होते. त्यांनीच हा फोटो काढला, पाखरापलीकडे काही पाहिलं नाही, आणि घरी येऊन हाच कोपरा आपल्या हाताने कापून टाकला.

रविवारागणिक जनावर जवळ आलं होतं. वर, मग गवताच्या कडेला, मग खाली. आज चौथा रविवार, आणि लपणात एक बहिरा माणूस एकटा. मागे बघणारा ताप आल्याचं सोंग करून दुकानात बसलेला.

त्यांनी व्याह्यांना फोन लावला. बंद. बंद असणारच, नियमच तो. घरी लावला तर लेकीने उचलला. "बाबा, ताप कसाय?"

"उतरला. तुझे सासरे..."

"गेलेत ना सकाळी सातलाच. बाराला येतील. का हो? आवाज असा काय?"

"काही नाही, घसा धरलाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला. लेकीला काय सांगायचं? तुझ्या सासऱ्यांना मी वाऱ्यावर सोडलंय म्हणून? मग वनखात्याला लावला. तिथला माणूस शांत होता. म्हणाला, दीड तास लागेल, तोवर तुम्ही तिकडे पाऊल टाकू नका. बरोबरच होतं त्याचं. पण दीड तास दुकानात बसायचं म्हणजे घड्याळाच्या काट्याने मरायचं.

ते उठले. मग थबकले. त्या माणसाला हाक कशी मारायची? लपणाच्या मागची वाट पुरुषभर उंच गवतातून जाते. तिथे काय बसलंय ते नाकाला लागेपर्यंत कळायचं नाही. मोकळी बाजू एकच, पलीकडची, मातीच्या भिंतीकडची. तिथून हाका मारून उपयोग शून्य. बहिऱ्या माणसाला बोलवायचं तर त्याच्या भिंगासमोर जाऊन उभं राहायला हवं. म्हणजे बरोबर बिळाखाली. म्हणजे तो कापलेला कोपरा.

  भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता चष्मेवाल्यांनी खाली काढला, उलटा केला आणि जाड काळं पेन घेतलं. किती अंतरावरून किती मोठं अक्षर वाचता येतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, जन्मभर तेच केलं होतं. पूर्ण वाक्य मावणार नव्हतं. एकच शब्द मावत होता. त्यांनी लिहिलं: उठा.

स्कूटरवर तक्ता पायांशी धरून ते कसे पोचले ते त्यांचं त्यांना आठवत नाही. भट्टीपाशी व्याह्यांची स्कूटर उभी होती, डिकीला कुलूप. चष्मेवाले बायकोबरोबरही कधी इतक्या हळू चालले नसतील, आणि ती गुडघेदुखीवाली. प्रत्येक पावलाला ते गवताकडे बघत होते. गवत हललं की थांबत होते. वाऱ्याने हललं की आणखी कशाने, हे गवत सांगत नाही.  पाय म्हणत होते, माघारी फीर. लेक विधवा होणार नाही यात, फक्त सासरा जाईल, असं काहीतरी घाणेरडं मनात येऊन गेलं आणि त्यांना स्वतःची किळस वाटली.

पाण्याच्या काठाची ओली माती लागली. मातीत पंजे उमटले होते. त्यांनी खाली बघायचं बंद केलं.

पलीकडे हिरवं लपण, आणि कापडातून बाहेर आलेलं भिंगाचं काळं तोंड. म्हणजे माणूस आत आहे, जिवंत आहे. चष्मेवाले बिळाखाली जाऊन उभे राहिले. खंड्या ओरडत उडून गेला. त्यांनी तक्ता दोन्ही हातांनी छातीशी धरला.  भिंग हळूच खाली वळलं आणि त्यांच्यावर स्थिर झालं.

काहीच झालं नाही. एक श्वास, दोन श्वास. अहो उठा ना, चष्मेवाले मनात विनवत होते, वाचता येतंय ना, उठा.

मग लपण उलटलं आणि पत्रेवाले बाहेर आले ते वेड लागल्यासारखे. एका हातात बसायचं ॲल्युमिनियमचं स्टूल, दुसऱ्या हातात कॅमेऱ्याच्या तिपाईची, तिकाटण्याची, काढलेली नळी, आणि ते स्टूल बडवत सरळ पाण्यात शिरले. तो आवाज काय वर्णावा, चाळीस वर्षांची ठोकाठोकी त्या एका स्टुलात उतरली होती. बडवत बडवत ते ओरडत होते, "धावू नका. माझ्याकडे बघत या. मागे वळू नका, माझ्याकडे बघत या."

त्यांची नजर मात्र चष्मेवाल्यांवर नव्हतीच. ती त्यांच्या उजव्या खांद्यामागे होती. तेव्हा चष्मेवाल्यांना कळलं.  मागे ओल्या मातीत काहीतरी दबत असल्याचा आवाज आला, अगदी बारीक, आणि तो जवळ होता. त्यांनी पाय उचलला, पाण्यात टाकला. दुसरा उचलला. पाणी गुडघ्याशी आलं. स्टूल वाजतच होतं. खड्ड्याच्या मध्यावर पत्रेवाल्यांनी त्यांचा दंड धरला, आणि मगच वर भिंतीवरचं गवत दुभंगून पुन्हा मिटलं.

दोघे स्कूटरपाशी येऊन खाली धुळीतच बसले. पत्रेवाल्यांनी डबीतून यंत्रं काढून कानांत घातली. तीन वेळा हातातून निसटली.

"मला ताप नव्हता," चष्मेवाले म्हणाले.

"ठाऊक आहे. तापातला माणूस इतकं खणखणीत बोलत नाही. मला कमी ऐकू येतं, पण तेवढं येतं." पत्रेवाल्यांनी पायातला बूट काढून पाणी ओतून टाकलं. "मीही सांगून टाकतो. तुम्ही दिसलात, तुमच्या मागे तो दिसला. आणि मी आधी बोट दाबलं. फोटो काढला हो मी. मग उठलो."

चष्मेवाल्यांना राग यायला हवा होता. नाही आला. त्यांचंही बोट दाबलं गेलं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्याचीच भीती जास्त वाटली.

वनखात्याची माणसं आली. भट्टीच्या धुराड्याच्या पोटात बिबट्याच्या मादीने दोन पिल्लं ठेवली होती. "खायला येत नव्हती ती तुम्हाला," त्यांच्यातला वयस्कर म्हणाला, "किती दिवस बसताय ते बघायला येत होती." लपण गुंडाळलं गेलं. तिकडे जायचं बंद झालं.

व्याह्यांच्या घरी लेकीने कॅमेरा हातातून काढून घेतला. "दोघं एवढे भिजून आलात, काढलंत तरी काय आज?" चष्मेवाल्यांनी तो तिच्याकडून मागून घेतला, म्हणाले, आधी कात्री लावू दे. पत्रेवाल्यांनी दारात गाठून हळूच सांगितलं, "सूनबाईंनी बघायला नको. आपल्या घरात या फोटोपायी एकानेच रात्रभर जागलं तर पुरे, मी जागीन."

दुकानात बसून चष्मेवाल्यांनी तो फोटो उघडला. मधे स्वतः ते, छातीशी तक्ता. उजव्या खांद्यामागे, म्हणजे फोटोत डावीकडे, ती, पाच पावलांवर, एक पंजा उचललेला.  मग स्वतःभोवती चौकोन केला आणि डावी बाजू कापली.

लेकीला फोटो इतका आवडला की तिने चौकट करून जेवायच्या खोलीत लावला. मोठ्या अक्षरांत 'उठा' लिहिलेला तक्ता धरून उभे असलेले तिचे बाबा, डोळे बटाट्याएवढे. आल्यागेल्याला ती दाखवते, "बघा, पाखरांना उठवायला गेले होते," आणि सगळे पोट धरून हसतात. खाली कागदाच्या पट्टीवर पत्रेवाल्यांनी आपल्या हाताने एकाच ओळीत दोघांची नावं लिहिली आहेत, दाटीवाटीने, पण दोन्ही.

चष्मेवालेही हसतात. पण त्या घरी जेवायला बसताना ते फोटोच्या डाव्या बाजूच्या भिंतीकडे पाठ करत नाहीत. पत्रेवाल्यांनी आपली खुर्चीही समोर ओढून घेतलीय. दोघं व्याही आता समोरासमोर बसतात, म्हणजे एकमेकांच्या पाठीमागचं दिसतं.