भिंगबाईंची दुधी

"तण आहे हो ते, तण! अंगणात उगवतं ते," साहेबांनी नमुन्याचा कागद टेबलावर आपटला. "बत्तीस वर्षं नोकरी करून एवढंही कळत नाही?"

भिंगबाई उभ्याच होत्या. समोरच्याला बसा म्हणण्याची रीत साहेबांना कुणी शिकवलीच नव्हती. रोपं वाळवायची, कागदावर चिकटवायची, भिंगातून बघून नाव ठरवायचं, यातच बाईंचा जन्म गेला होता. हे रोप वाळवंटातल्या ज्या पट्ट्यावर सापडलं, तिथे उद्या खाण सुरू व्हायची होती. तिथे वेगळं काही उगवत नाही, एवढं बाईंनी लिहून द्यायचं बाकी होतं.

"अंगणातली दुधी, तोडली की पांढरा चीक येतो ती, वेगळी, साहेब. ही तिथलीच. मोहरीएवढं फूल हिचं. त्या पट्ट्याबाहेर मी कुठे पाहिली नाही. हिचं बी गुळगुळीत, मी तिथेच भिंगातून पाहिलंय; अंगणातलीच्या बीला आडव्या रेघा."

"मग दाखवा की बी!"

इथेच तर घोडं पेंड खात होतं. दुधीची बोंडं वाळताना तडकतात आणि बी उडून जातं, म्हणून ती आधी पाकिटात बंद करायची. हे नवख्यालाही ठाऊक असतं. पण रोप गोळा केलं त्या दिवशी उन्हाने डोकं भणभणलं होतं आणि बाई विसरल्या. कागदावर रिकामी टरफलं तेवढी उरली.

"नाही ना? करा सही."

"नाही करणार."

"मग मी करतो. तुम्ही उद्यापासून रद्दीच्या खोलीत बसा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याने ती जागा डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती! पण त्याहून जास्त राग त्यांना स्वतःचाच आला.

रद्दीच्या खोलीत त्या रोपं दाबण्याचे जुने कागद एकेक करून झाडत बसल्या. चौथ्या दिवशी ती दुधी दाबलेल्या कागदाच्या घडीत बी सापडलं, चिरडलेलं, अर्धंच. पेरण्याजोगं नव्हतं, ओळखण्याजोगं होतं. भिंगाखाली धरलं. गुळगुळीत!

त्या धावतच साहेबांकडे गेल्या. "बघा, बी सापडलं!"

साहेबांनी मान वर केली नाही. "आता काय करायचंय? परवाच सपाट झालं सगळं."

बाई परत आल्या. बी पाकिटात घालून त्यांनी ते नमुन्याच्या कोपऱ्यात चिकटवलं. चिठ्ठीवर नाव लिहिलं. 'सध्या कुठे आढळते' या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. मग त्यांनी स्वच्छ अक्षरांत 'कुठेही नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.