राखीव टेबल

आचारी स्वतःच्याच हॉटेलात मेला, तेव्हा तो आत कांदे चिरत होता.

मारलं मेहुण्याने. मेहुणा नाटकांचं नेपथ्य करायचा. बहिणीचं हॉटेल ओस पडलेलं बघून म्हणाला, "लोक जेवायला येत नाहीत ताई, गोष्टीत बसायला येतात." भिंती निळ्या रंगवल्या आणि लगेच खरवडून जुन्या केल्या. खुंटीला खलाशाचा कोट अडकवला, चौकटीत आचाऱ्याचा तरुणपणचा फोटो लावला. खिडकीपाशी दोघांचं टेबल, दोन ताटं, एक दिवा आणि 'राखीव'ची पाटी. मेनूकार्डावर छापलं: मालकिणीचा नवरा बोटीवर गेला तो परतलाच नाही, ती अजून त्याचं ताट मांडते.

गर्दी लोटली. जित्या माणसाच्या हातचं ज्यांना गोड लागत नव्हतं, ते मेलेल्याच्या फोटोखाली बोटं चाटू लागले.

"भावोजी, तेवढं बाहेर यायचं नाही," मेहुणा बजावायचा. "गोष्ट मरते."

"आणि मी?"

"तुम्ही आधीच गेलायत."

आचारी ओट्याला टेकून उभ्याउभ्या जेवायचा आणि दाराच्या फटीतून आपलंच ताट बघायचा. रोज सजणारं, रोज कोरडंच परत येणारं. एका संध्याकाळी कुणी बाई त्याच्या बायकोचा हात धरून डोळे पुसू लागल्या, तशी त्याच्या डोक्यात तिडीक गेली. बायको आत येताच त्याने झारा आपटला.

"लाज नाही वाटत? मी इथे ढळढळीत जिवंत, आणि तू सांत्वनं गोळा करतेस!"

बायको जगमध्ये पाणी भरत राहिली. "वाट बघून कंटाळला नाहीत का, असं विचारलं त्यांनी. म्हटलं, सवय आहे. त्यात खोटं काय? लग्न झाल्यापासून माझ्यासमोर बसून एक घास तरी खाल्लायत? बोट माझ्या भावाने रचली. वाट माझीच आहे."

जग उचलून ती बाहेर गेली.

धंदा, शेगडी, गिऱ्हाईक... सबबी सगळ्या शिळ्या. आचाऱ्याने गॅस बंद केला, हात धुतले, दोन वाट्या सूप भरलं आणि दार पायाने ढकललं.

बाहेर चमचे थांबले. लोक फोटोकडे बघत, मग त्याच्याकडे. गल्ल्यावर मेहुणा कपाळाला हात लावून बसला. आचाऱ्याने ॲप्रन काढून त्या कोटावरच अडकवला, 'राखीव'ची पाटी पालथी घातली आणि बसला.

"ये," बायकोला म्हणाला.

ती समोर बसली. त्याने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी आहे."

"रोजच असतं," तिने मिठाची बाटली पुढे सरकवली. "पण सांगायचं कोणाला? माणूस बोटीवर."