काढून टाकलेला ठिपका

तुम्ही सिताबाईचं रक्त नेलंत आणि सिताबाईला विसरलात. तक्रार केली की तुमच्याकडून पोच मिळते, उत्तर मिळत नाही. म्हणून हा थेट आरोप.

लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावात हृदयरोगावरच्या तुमच्या संशोधनाची पांढरी गाडी सकाळीच आली. शाळेच्या व्हरांड्यात दोन बाकं जोडून तुमची माणसं बसली. उपाशीपोटी या, असा निरोप होता. गाव आलं. महालिंगप्पा सत्तरीपुढचा गडी, डोक्याला पांढरा रुमाल. त्यानं सगळ्यांच्या आधी रक्त दिलं आणि तिथंच खुर्ची धरून बिस्किटं खात बसला.

“बघा की, म्हाताऱ्याचं रगात कसं लालभडक हाय! ह्या पोरांचं काढून बघा. नुसता गुटखा निघतोय का न्हाय बघा!”

व्हरांडा हसला. तेवढ्यात त्याची सून सिताबाई पदराला हात पुसत आली. शाळेच्या पोरांसाठी खिचडी शिजवायचं काम तिच्याकडं. पातेलं चुलीवर ठेवूनच आली होती.

तुमच्या माणसांतल्या एका मुलीनं कागद पुढं ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “मावशी, छातीत दुखतं का? चालताना दम लागतो?”

सिताबाईनं पदर आणखी पुढं घेतला. सासरा हाताच्या अंतरावर बसलेला. आमच्याकडं सासऱ्यासमोर सून ‘छाती’ हा शब्द तोंडातून काढत नाही. दुखत असली तरी काढत नाही.

“काय न्हाय बाई. सगळं बरं हाय. खिचडी झालीच हाय, जेवूनच जावा तुमी.”

मुलीनं कागदावर खूण केली. सिताबाई निरोगी माणसांत गेली.

तिला काय होत होतं ते दोघींनाच ठाऊक. एक शिवगंगा, तिच्याबरोबर खिचडी शिजवणारी. तांदळाचं पोतं ओढताना सिताबाई मधेच थांबायची, एक हात जबड्याला लावायची, कपाळावर घाम.

“सिते, म्हातारी झालीस का काय गं? पातेलं उचलायला आता गडी लावावा लागतोय!”

“पातेल्याचं जाऊ दे. तुझं तोंड मिटायला दोन गडी लागत्यात, त्येंचं बघ आदी.”

दुसरी तिची लेक, सृष्टी. धाराशिवला कॉलेजात शिकते, वसतिगृहात राहते. तिला फोनवर सिताबाई बोलायची. पाठीत कळ निघते. जबडा आवळल्यावानी होतो. मग खायचा सोडा घ्यायचा, ढेकर आली की बरं वाटतं.

“अव्वा, सोडा काय खातीस? दवाखान्यात जा.”

“अगं, रगात नेलंय की मोठ्या लोकांनी. काय असलं तर सांगतीलच की.”

“आणि न्हाय सांगितलं तर?”

“न्हाय सांगितलं म्हंजे काय न्हाय.”

हे वाक्य नीट वाचा. गावाचा हाच हिशोब आहे. सुई टोचली, रक्त नेलं, म्हणजे तपासणी झाली. तपासणी झाली, कुणी बोलावलं नाही, म्हणजे माणूस धडधाकट. संशोधन आणि तपासणी यांत अंतर असतं हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही ते सांगितलंतही असेल, कागद वाचल्यासारखं, एका दमात. सिताबाईनं त्यावर अंगठा नाही, सही केली. सातवी शिकली होती ती. सही करताना एवढंच समजली की आता कुणीतरी माझ्याकडं बघतंय.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी पोरांची पंगत बसली होती. सिताबाई शिवगंगाला म्हणाली, “जरा टेकते गं,” आणि पोत्याला पाठ लावून खाली बसली. शिवगंगानं दोन ओळी वाढून मागं वळून बघितलं. सिताबाईला घेऊन जीप लोहाऱ्याला पोचली तेव्हा डॉक्टरांनी जीपमध्येच हात बघितला आणि नुसती मान हलवली.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. खड्ड्यात बसवलेल्या सिताबाईकडं बघून शिवगंगा म्हणाली, “उभ्या जन्मात ही बाई येवढी निवांत बसलेली म्या बघितली न्हाय.” महालिंगप्पानं रुमाल काढून हातात धरला होता.

पुढं सृष्टीच्या कॉलेजात विज्ञानाचं व्याख्यान झालं. बोलायला शहरातून तुमचेच मोठे सर आले होते. पडद्यावर ठिपके होते, एकेका माणसाच्या रक्ताचा एकेक. वर लाल, हृदयरोग्यांचे. खाली हिरवे, निरोग्यांचे.

“पेशीत प्रथिनं बनवायचे निरोप सारखे फिरत असतात,” सर सांगत होते. “मायक्रो-आरएनए म्हणजे आरएनएचे अगदी चिमुकले तुकडे. ते त्या निरोपांना जाऊन चिकटतात आणि काम आवरायला लावतात. हृदयाचा स्नायू दुखावला, त्याच्यावर ताण आला, की यांतले काही तुकडे रक्तात जास्त सापडतात आणि ठिपका वर जातो. झटका येण्याआधीच रक्तातून सुगावा लागेल का, ते आम्ही शोधतोय.”

सृष्टी वहीत लिहून घेत होती. विषय तिला आवडला होता.

“आता एक गंमत,” सर म्हणाले. “एक हिरवा ठिपका लालांच्याही वर जाऊन बसला! आम्ही चक्रावलो. कोण आहे हे काढून बघितलं, तर लोहाऱ्याकडच्या एका गावात शाळेची खिचडी शिजवणारी बाई. ठणठणीत! आमची नमुने घेणारी मुलगी म्हणाली, सर, ती तर आम्हालाच जेवून जा म्हणत होती. मी म्हटलं, मग हा खिचडीचाच प्रताप!”

सभागृह हसलं. सृष्टीही हसली. घरच्या माणसाचा विषय निघाल्यावर जसं हसू येतं, तसं. डोक्यात काही पोचायच्या आत ते ओठांवर आलं, आणि मग तिथून जाईना. तिला तोंड मिटता येईना.

“उन्हात गाडी होती, नमुना बिघडला असणार. ठिपका काढून टाकला. बघा, आलेख कसा स्वच्छ झाला!”

पडदा बदलला. हिरवे सगळे खाली.

सृष्टी उभी राहिली.

“सर, ती बाई वारली.”

“अरेरे. तुमच्या ओळखीच्या होत्या?”

“माझी आई.”

सर बाटलीतलं पाणी प्यायले. “हे बघ बाळ, वाईट झालं. पण ही तपासणी नाही, संशोधन आहे. या एका आकड्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. शिवाय नमुन्यावर नाव नसतं, क्रमांक असतो.”

सर खोटं बोलत नव्हते. त्या आकड्यावर आज कुठलाही डॉक्टर गोळी लिहून देणार नाही. पण ऐका, पोरगी काय म्हणाली.

“क्रमांक असतो, पण तुम्ही माणूस काढून बघितलात की, सर. खिचडीसुद्धा कळली तुम्हाला.”

“सृष्टी, खाली बस,” पुढच्या रांगेतून प्राध्यापक म्हणाले. “पाहुणे आहेत.”

ती बसली नाही. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. हसू आता गेलं होतं आणि कॉलेजातली भाषाही गेली होती.

“मला आकडा सांगू नका. नमुना बिघडला आसं वाटलं न्हवं तुमाला? मग दुसऱ्यांदा रगात घ्यायला यायचं हुतं. गाव तिथंच हुतं. अव्वा तिथंच हुती, तुमची वाट बघत. तुमी का आला न्हाईत, सर?”