रिकामी परतलेली किटली

मित्रांनो, मी एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची किटली आहे आणि माझा कुणावरच भरवसा नाही. तुमच्यावरही नाही. हात धुतलेत का?

तळेऱ्याच्या बाजारातून काशीबाईंनी मला आणलं. पहिल्याच आठवड्यात पायरीवर आपटून मला पोचा आला आणि तेव्हापासून माझं झाकण अडतं. त्यासाठी मी रोज शिव्या खाते. रोज सकाळी मी दूध घेऊन दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे, शेजारच्या भाईंच्या पोल्ट्रीवर जायची. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. भाई माझ्यात शेडमधलं मूठभर गवत घालून वर चार अंडी ठेवत. घरी काशीबाई अंडी काढत आणि गवत म्हशीपुढे टाकत. फुकट कशाला घालवायचं!

मग शेजारच्या गावात कोंबड्या पटापट मरू लागल्या. मला तेव्हाच संशय आला. त्या सकाळी भाईंनी माझ्याकडे नीट पाहिलंच नाही. शेडमध्ये कोंबड्या माना टाकून उभ्या, कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं. माझ्यातलं गवत ओलं होतं, विष्ठेनं बरबटलेलं. देवा रे, आणि हे म्हशीपुढे जाणार! तिच्याच दुधावर काशीबाईंचं घर चालतं, आणि मला तर वाचा नाही.

झाकण मात्र अडलं. खटपट करता करता काशीबाईंनी मला उजेडात धरलं, आत पाहिलं आणि त्या गडग्याशी धावल्या.

"भाई, खरां सांग! किती मेल्यो?"

भाई खाली बघत म्हणाले, "पाच. सरकारी माणसां सगळ्यो मारून टाकतले म्हणान भियालंय."

"आणि माझ्या म्हशीचा काय रे?"

भाईंना रडूच फुटलं. त्यांनीच जनावरांच्या डॉक्टर दीपिकांना फोन लावला. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. भाईंची शेड ओकीबोकी झाली, त्याचं मला फार वाईट वाटलं. म्हशीच्या तपासणीत मात्र काही आढळलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "हा आजार गुरांनाही होऊ शकतो. भांडी, गवत, चपला इकडून तिकडे न्यायच्या नाहीत."

माझी औषधाच्या पाण्यानं आंघोळ झाली. आता मी गडगा ओलांडत नाही. काशीबाई वरूनच भाईंच्या तांब्यात दूध ओततात. पहिल्या दिवशी भाई ओशाळून म्हणाले, "काशीबाय, रिकामी धाडतंय गो."

"रिकामीच धाड," त्या म्हणाल्या. "माझी म्हस जगली, ह्यात सगळा इला."

तेव्हा मित्रांनो, गोठ्याची वस्तू गोठ्यात आणि कोंबड्यांची शेडमध्येच ठेवा. आजार लपवू नका. आणि तुमच्या चपला? जरा उलट्या करून दाखवा बघू.