भोंग्याचा फुगा

जळलं मेलं माझं तोंड! सगळे म्हणतात, बेबाबाई, तुझा काय दोष? पण फुगा काढून दे म्हणणारी मीच होते, आणि कशी म्हणाले तेही मला शब्दाशब्दानं आठवतं.

माझा धाकटा भाऊ लोटन शिरपूरचा कापूस लॉरीतून धुळ्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, आणायचा. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, म्हणून लॉरी कोळशाच्या गॅसवर चालायची. नवरा गेल्यापासून मी लोटनकडेच राहायचे. त्याची बायको तानुबाई दुसऱ्यांदा बाळंत झाली ती आठव्या महिन्यात. मुलगा मांजराच्या पिलाएवढा. ओठ लावायचा आणि दमून झोपायचा. शेळीचं दूध पाजलं तर सगळं ओकला. इकडे तानूची छाती दगड झालेली. हातानं पिळायला गेलं की ती किंचाळायची, आणि निघायचे चार थेंब.

थोरल्या जमनाच्या वेळी असंच झालं होतं. तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काचेचा पंप दिला होता. वाटीसारखं तोंड छातीला लावायचं, मागचा रबरी फुगा दाबून सोडायचा, की दूध काचेत उतरायचं. जमना त्यावरच जगली. आता सहा वर्षांची झाली होती, दिवसभर माझं डोकं खायची. तो पंप मी पेटीत, जुन्या लुगड्याच्या फडक्यात जपून ठेवला होता. मोठ्या ऐटीत बाहेर काढला. काच शाबूत होती. फुगा दाबला, तर हातात तुकडे आले.

लोटननं अख्खं धुळं पालथं घातलं. डॉक्टरीणबाईंची बदली झालेली, आणि रबर सगळं लढाईवर गेलेलं. तिसऱ्या दिवशी पोराचा आवाजच निघेना. नुसतं तोंड उघडायचा. लोटन दारात डोकं धरून बसला होता. त्याच्या मागं लॉरी उभी, लॉरीला पितळी भोंगा, आणि भोंग्याच्या बुडाला काळा रबरी फुगा.

"तो काढ," मी म्हणाले.

"अक्का, बिगर भोंगानी गाडी कशी चलाडू? सोनगीरजवळ वळण शे. बैलगाड्या मधेच येतस."

"तोंड नही का तुले? घरमा तर एवढा बोंबलस! तठे बोंबल!"

तो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला आणि पक्कड घेऊन उठला.

फुगा मी पाण्यात उकळला. त्याचं तोंड मोठं होतं, म्हणून काचेला मेण चोळलेली सुती चिंधी गुंडाळून घट्ट बसवला. तानूनं दाबला, सोडला. दूध उतरलं! बोंडल्यानं घोट घोट पाजलं, पोरगं गिळायला लागलं. चार दिवसांत चांगलं टाहो फोडून रडलं. ते ऐकून मी आळीत गूळ वाटला. लोटन रोज येऊन बसक्या आवाजात सांगायचा, "अक्का, बोंबली बोंबली गळा बसना मना."

"बसू दे! पोऱ्या जगना ना?" मी म्हणायचे.

आठव्या दिवशी सोनगीरच्या वळणावर शेतवाटेनं एक बैलगाडी अचानक रस्त्यावर आली. गाडीत बायका-पोरं होती. त्यांना वाचवायला लोटननं लॉरी बाजूला घातली, ती नाल्यात उलटली. लोटन जागीच गेला. गाडीवान झिपरू आमच्या दारात येऊन ढसाढसा रडला. म्हणाला, "बाई, तो बोंबलत व्हता. चाकना आवाजमा आमले ऐकूच उनं नही."

लोटनला पोचवून माणसं परतली. मी आत गेले. कोनाड्यात पंप होता. त्याचा फुगा ओरबाडून काढला आणि चुलीत घालायला निघाले, तेवढ्यात झोळीत पोर रडलं. भूक लागली होती त्याला. त्याला बिचाऱ्याला काय कळतंय?

तानू भिंतीला टेकून बसली होती. चोळी दुधानं भिजलेली. माझं त्या दिवशीचं बोलणं तिनं आतून ऐकलं होतं, तिला सगळं ठाऊक होतं. मला वाटलं, आता ही शिव्या घालील. घालायलाच हव्या होत्या. पण तिनं कोनाड्यातली काच मागून घेतली, छातीला धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"अक्का, फुगा लाव. तूच दाब. मना हात नही चालस."

मी लावला आणि दाबला. दूध उतरलं.

पोरगं स्वतः ओढायला लागेपर्यंत, तब्बल चार महिने, दिवसातून सात-आठ वेळा तो फुगा मीच दाबला.