कागद खोटे बोलेल

अंबरपेठेतल्या त्या फंक्शन हॉलमध्ये रविवारी सकाळी नऊ वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न कोणाचंच नव्हतं. प्रत्येकाच्या हातात कागदी कप होता आणि सगळी रांग बाथरूमच्या दिशेने निघाली होती. हार घातलेल्या खुर्चीवर मधुहर बाबा बसले होते.

"साखर म्हणजे काय?" बाबांनी माईकवर विचारलं. "मागच्या जन्मी गोड बोलून लोकांना जे फसवलंत, तेच या जन्मी अंगात उतरलंय. इन्सुलिन त्याला काय करणार? इन्सुलिनला तुमचा मागचा जन्म ठाऊक आहे काय?"

बाबांना तरी कुठून ठाऊक, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी तिथे पाहुणी होते.

चमत्कार मात्र खरोखर पाहण्यासारखा होता. भक्ताने कपातून लघवी आणायची. शिष्य सर्वांसमक्ष सीलबंद डबी फोडून त्यातली पिवळी पट्टी कपात बुडवी. पट्टी हिरवी झाली की लघवीत साखर आहे असं समजायचं. मग भक्ताने तांब्याभर तीर्थ प्यायचं, अडीच तास भजन करायचं आणि पुन्हा कप भरून आणायचा. या खेपेला पट्टी पिवळीच्या पिवळी राही. टाळ्या पडत आणि भक्त बाबांच्या पायावर डोकं ठेवून, खिशातली गोळ्यांची पाकिटं तिथल्या टोपलीत टाकून देई. ती टोपली भरत आली होती.

मी अलका. पुण्यात एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली. मुलाची नोकरी इकडे तेलुगू मुलखात, म्हणून आता हिमायतनगरला राहते. त्या पट्ट्या बनवणाऱ्या हितरेखा डायग्नॉस्टिक्सला यंदा चाळीस वर्षं झाली आणि कंपनीच्या इतिहासाची स्मरणिका लिहायचं काम मला मिळालं. मार्केटिंगचा अनिकेत मला इथे घेऊन आला होता. "मावशी, बाबांवर एक चॅप्टर पाहिजेच," तो म्हणाला. "स्ट्रिप आपली, फेथ त्यांचा. मस्त कॉम्बो आहे."

तेवढ्यात बाबांनी आपला मुख्य साक्षीदार पुढे बोलावला. त्या चतुराबाई होत्या. माझ्या स्मरणिकेतलं दुसरं प्रकरण त्यांच्यावरच होतं. चिक्कडपल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत अप्पारावांनी ही कंपनी काढली, तेव्हा लग्नपत्रिका कापायच्या यंत्रावर पट्ट्या कापायला बसलेली पहिली बाई म्हणजे चतुराबाई. पुढे कंपनीने रक्तगट तपासायची द्रव्यं केली, काविळीच्या चाचण्या केल्या, आज शहराबाहेर तिची काचेची इमारत आहे. पण जुनी माणसं अजून चतुराबाईंना विचारल्याशिवाय कोणतीही गोष्ट खरी मानत नाहीत.

"मी एकतीस साल ह्ये कागद कापले," चतुराबाई माईकवर म्हणाल्या. "माझ्या हातचा कागद कधी झूट बोलला नाही. तो म्हनतो साखर गेली, तर गेली. बारा दिवस झाले, मी सुई सोडली."

बोलता बोलता त्यांनी दोनदा पाण्याची बाटली तोंडाला लावली होती. खाली उतरल्यावर मी त्यांना गाठलं. ब्लाउज खांद्यावर ढिला झाला होता, डोळे खोल गेले होते.

"तहान फार लागते का हो?"

"हौ, रातभर पानी पिते. बाबा म्हनतात, जहर निघून चाललंय."

जहर कुठेही चाललं नव्हतं. पण कागद तर खरा होता, डबी सीलबंद होती, शिष्याने काही हातचलाखी केलेली मी तरी पाहिली नव्हती. मग पिवळा रंग आला कुठून?

सोमवारी कंपनीच्या जुन्या फायली उपसायला घेतल्या. बारीक टाईप वाचणं हा माझा जन्माचा रोग आहे, त्यामुळे पट्टीच्या डबीतली जुनी माहितीपत्रकंही मी वाचत बसले. एक्क्याण्णव सालचं पत्रक तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि मराठी अशा चार भाषांत होतं. मराठी मजकूर अप्पारावांनी स्वतः लिहिलेला. शेवटची ओळ अशी होती: 'आवळा, लिंबू किंवा क जीवनसत्त्वाची गोळी घेतली असल्यास हा कागद खोटे बोलेल. त्याचे ऐकू नये.'

मी पत्रक अनिकेतपुढे धरलं. तो बोट ठेवून वाचू लागला. "आ-व-ळा... मावशी, हे 'क' काय आहे? कोणता क?"

"व्हिटॅमिन सी."

"सी म्हणजे क?"

"हो रे बाबा. मराठीत सी म्हणजे क."

आम्ही प्रयोगशाळेच्या प्रमुख चारुलताबाईंकडे गेलो. अप्पारावांच्या हाताखाली तयार झालेल्या या बाई आता साठीच्या आहेत. पत्रक पाहून त्या आधी खळखळून हसल्या.

"नांदेडच्या एका डॉक्टरांचं पत्र आलं होतं तेव्हा. आवळ्याच्या दिवसांत त्यांच्या अर्ध्या पेशंटांची साखर एकदम नाहीशी झाली होती. अप्पाराव आठवडाभर आवळे खाऊन पट्ट्या बुडवत बसले. पट्टीला रंग चढायच्या आत क जीवनसत्त्व तो रंग मारून टाकतं, अलकाताई. साखर असते तिथेच असते." मग त्यांचं हसू थांबलं. "ते तीर्थ कसं लागतं?"

"आंबट. मी घोटभर घेतलं होतं."

"आणि ही ओळ आता डबीत का नाही?"

अनिकेत खाली बघत म्हणाला, "दहा वर्षांपूर्वी चार लँग्वेजची एक केली. इंग्लिशमध्ये आहे ती लाइन. पण... छोटी आहे."

मी संध्याकाळी चतुराबाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अलकाबाई, तुमी कागद वाचता. मी कागद बनवला." फोन बंद झाला. मला त्यांचा राग आला आणि भीतीही वाटली. सांगून भागणार नव्हतं, त्यांना दाखवायलाच हवं होतं.

मंगळवारी पुन्हा बैठक होती. आम्ही तिघं गेलो. चारुलताबाईंनी हात जोडून बाबांना विनंती केली, "महाराज, माणसातली साखर आपण घालवता. या पेल्यातली घालवाल का?" त्यांनी पेल्यात पाणी घेतलं, मेडिकलमधून आणलेल्या ग्लुकोजचे दोन मोठे चमचे घातले आणि ढवळलं. शिष्याने पट्टी बुडवली. ती हिरवीगार झाली.

बाबांना अनिकेतने रोखलेला कॅमेरा दिसत होता. ते मागे कसे हटणार? त्यांनी स्वतःच्या हाताने पेल्यात तीर्थ ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. शिष्याने नवी पट्टी बुडवली. पट्टी पिवळीच राहिली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात चारुलताबाईंनी वाजवल्या.

"गेली म्हणायची साखर?" त्यांनी विचारलं.

"समूळ गेली," बाबा म्हणाले. "पेला काय आणि देह काय, आम्हाला दोन्ही सारखेच."

"चतुराबाई, जरा इकडे या. एक घोट घेऊन बघा."

चतुराबाई आल्या. पेला तोंडाला लावला, थांबल्या आणि पुन्हा लावला. मग बाबांकडे पाहिलं.

"गोड हाय," त्या म्हणाल्या.

"ती भक्तीची गोडी आहे, माई," बाबा घाईने म्हणाले.

"तीर्थ नुस्तं आंबट राहतंय. मी चौदा दिवस प्यायलेय. ही गुलकोजची गोडी हाय." त्यांनी ती पिवळी पट्टी उचलली आणि कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिली. आवाज एकदम लहान झाला. "चारू, ह्यो कागद झूट बोलतोय?"

"बोलतोय, बाई. तीर्थात व्हिटॅमिन सीची पूड असणार, म्हणूनच ते आंबट. ती तुमच्या लघवीत उतरते आणि कागदाचा रंग मारते. यात कागदाची चूक नाही आणि तुमचीही नाही. अप्पारावांनी हे लिहून ठेवलं होतं. आम्ही छापायचं सोडलं, चूक आमची आहे."

"डबीतल्या त्या छापील कागदाच्या मी हजारो घड्या घातल्या," चतुराबाई म्हणाल्या. "वाचता कुठं येतंय मला." मग त्यांनी दंड पुढे केला. "रगत काढ. आत्ताच काढ."

चारुलताबाईंनी नमुना घेतला आणि अनिकेत तो घेऊन धावला. तासाभरात फोन आला. रक्तातली साखर चारशे बारा होती. तोवर बाबांना कुठल्याशा अर्जंट समाधीची आठवण झाली होती आणि ते मागच्या दाराने गेले होते.

चतुराबाईंनी माईक घेतला.

"परवा मीच सांगितलं सुई सोडा म्हनून. ती माझी गलती. माझं ऐकून ज्यांनी औषध सोडलं, त्यांनी आता माझं अजून एक ऐका. ती टोपली रिकामी करा, आपापली गोळी उचला, अन् उद्याची वाट बघू नका. मी आत्ता दवाखान्यात चालले. कोन कोन येतंय?"

मग मागच्या रांगेतला एक पेन्शनर उठला, त्याच्यामागे दोघी बहिणी, आणि मग खुर्च्या सरकल्याचाच आवाज येत राहिला. टोपलीभोवती चष्मे लावून पाकिटं ओळखायची एकच झुंबड उडाली. आम्हाला सात ऑटो करावे लागले.

चतुराबाई चार दिवस दवाखान्यात होत्या, आता ठणठणीत आहेत आणि डॉक्टरांनाच डोस शिकवतात. अनिकेतला हवं होतं ते बाबांवरचं प्रकरण मी लिहिलं आहे, ते हेच. वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे: कोणी तुमचा आजार डोळ्यांदेखत नाहीसा केला, तर आधी त्याने तुम्हाला काय पाजलं ते विचारा. आणि त्याने चालू औषध बंद करायला सांगितलं, तर तिथून उठा, सोबत शेजारच्यालाही उठवा आणि थेट डॉक्टरकडे जा.