खिडकी हळू लागली तेव्हा

मित्रांनो, दचकू नका, मी ओरडणार नाही. मी हातात धरून बोलायचा एक जुना भोंगा आहे आणि सध्या माझ्यात सेल नाहीत. नगरपालिकेच्या समाजकल्याण विभागात, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, एका बंद पंख्याशेजारी मी राहतो. पंखा सज्जन आहे, पण फिरणं बंद झाल्यापासून त्याला बाहेरचं काही कळत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझ्याकडून पहिला शब्द वदवून घेतला, तो ‘हॅलो’. दुसराही ‘हॅलो’च. मला वाटलं, जगात एवढंच बोलतात. पालिकेत आल्यावर ‘उद्या पाणी येणार नाही’ हेही शिकलो.

माझी शरीररचना जरा विचित्र आहे. तोंड पुढे, कान मागे. मला हातात धरणाऱ्याचं आणि त्याच्या पाठीमागच्यांचंच मला ऐकू येतं. ज्याच्याशी बोलतो तो काय म्हणाला, हे कधीच कळत नाही. मला दिसतं कसं, ते मात्र विचारू नका. आत्मवृत्तात सगळ्यांनाच दिसतं.

मग साथ आली. रस्ते ओस पडले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करायचं काम विभागातल्या एका ताईंकडे आलं. त्यातले एक आजोबा तिसऱ्या मजल्यावर राहत. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आता फोन वाजलेलाही त्यांना ऐकू येत नसे. घरात जायला तर बंदी. म्हणून ताईंनी मला उचललं आणि त्यांच्या खिडकीखाली उभ्या राहिल्या.

“आजोबा, जेवलात का? औषध घेतलं का? ताप नाही ना?”

आजोबा वरून काहीतरी म्हणायचे. काय म्हणायचे? या कुतूहलाने माझी झाकणं सैल व्हायची वेळ आली. ताई नुसत्या “बरं बरं” म्हणत. ‘बरं बरं’वरून माणसाने काय समजायचं? भोंग्याने तर काहीच नाही.

शेवटचा प्रश्न असे, “पोट साफ होतंय का?” विचारायच्या प्रश्नांच्या यादीत तो होता, आणि ताई एकही प्रश्न गाळत नसत. हा प्रश्न ऐकायला सगळी गल्ली गॅलरीत यायची. आजोबा संतापून खिडकी धाडकन लावायचे. तो दणका मला अंगात जाणवायचा. धाडकन म्हणजे ‘हो’, असं ताईंनी ठरवून टाकलं.

“अगं बाई, हळू विचार की!” मागच्या गॅलरीतल्या काकू म्हणायच्या. “आमचे हे नाश्त्याला बसलेत!”

एका सकाळी आजोबा नेहमीसारखं वरून काहीतरी म्हणाले. शेवटचा प्रश्न झाला. आणि खिडकी हळूच लागली.

“म्हातारा सुधारला गं!” काकू म्हणाल्या.

ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. “नाही हो काकू. त्यांच्या हातात जोरच नाहीये.”

बंदी-बिंदी विसरून त्या मला घेऊन जिने चढल्या. दाराला माझं तोंड लावून त्यांनी अशी हाक मारली, की भिंतीचा रंग पडला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. आजोबा चौकटीला धरून धापा टाकत होते, ओठ निळे पडले होते.

“मघाशी ‘मस्त आहे’ म्हणालात ना? हे मस्त?” ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

म्हणजे ते ‘मस्त आहे’ म्हणत होते तर! एवढ्या दिवसांनी एक उत्तर कळलं, आणि तेही खोटं निघालं.

रुग्णवाहिका आली. पाठोपाठ ताईंनाही ताप आला. मी कपाटात गेलो. आजोबा जगले का, हे मी पंख्याला विचारलं. तो विचार करतो म्हणाला. अजून करतोय.

मग एके दिवशी मला एका सुरकुतलेल्या हाताने उचललं. हाताला घड्याळाच्या तेलाचा वास होता. थेट ताईंच्या घराच्या खिडकीखाली नेऊन त्या हाताने माझं बटण दाबलं, आणि आजोबांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. किरकिरा, पण ठणठणीत.

“काय गं पोरी, जेवलीस का? औषध घेतलंस का? ताप उतरला का?” मग त्यांनी घसा खाकरला. “आणि पोट साफ होतंय का?”

ताईंची अख्खी गल्ली गॅलरीत आली. वरची खिडकी धाडकन लागली.

“जोर आहे,” आजोबा हळूच म्हणाले. बटण दाबलेलंच राहिल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. “बरी होईल.”

मित्रांनो, तुमच्या गल्लीत कुणी एकटं राहत असेल, तर विचारपूस करत जा. ‘मस्त आहे’ असं उत्तर आलं, तरी लगेच पाठ फिरवू नका. खिडकी कशी लागते तेही बघा. भोंगा लागलाच, तर मी वरच्या फळीवर आहे. सेल तेवढे तुमचे आणा.